बीएचटीची पोती: खाण्यात चालतं म्हणे, मग माझा ॲप्रन पिवळा का पडला?

पोत्यांचा हिशेबनीस

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी प्लास्टिक कंपाउंडिंगच्या, म्हणजे प्लास्टिकमध्ये रंग आणि इतर पूरक द्रव्यं (ॲडिटिव्ह) मिसळण्याच्या युनिटमध्ये आहे. इतकी वर्षं डिस्पॅचला होतो, तीन महिन्यांपूर्वी ॲडिटिव्हच्या गोदामाच्या किल्ल्या माझ्या हातात आल्या. रंगद्रव्यं, फिलर, स्टिअरेट यांच्याशी तोंडओळख होती. नवीन आहे ते बीएचटी, प्लास्टिक ऑक्सिजनने खराब होऊ नये म्हणून घालतात ते. पांढरे स्फटिक, २५ किलोचं पोतं, आत पॉलिथिनचं लायनर. सगळे त्याला नुसतं 'एओ', म्हणजे अँटिऑक्सिडंट, म्हणतात. आठवड्याला बाराएक पोती मिक्सरच्या हॉपरमध्ये रिकामी होतात.

सुपरवायझरांना विचारलं, हे धोक्याचं आहे का? म्हणाले, "अरे, ई-३२१ आहे ते, खाण्यात घालायच्या द्रव्यांच्या यादीतलं. खाण्याच्या तेलात घालतात. तू काय पोतं चाटणार आहेस?" विषय संपला. पोत्यावर कवटी नाही, ज्वाळा नाही. फक्त वाळलेलं झाड आणि उलटा पडलेला मासा. आमच्या गोदामात मासे नाहीत, म्हणून मीही गप्प बसलो.

पण त्यानंतर तीन गोष्टी झाल्या.

माझा पांढरा ॲप्रन गोदामातच खुंटीला असतो. सुट्टीनंतर आलो तर जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट. गंमत म्हणजे जी बाजू भिंतीला चिकटून होती ती जशीच्या तशी पांढरी. बीएचटीची थप्पी खुंटीपासून सहा-सात फुटांवर. काही सांडलं नव्हतं, कोणी हात लावला नव्हता.

मग परवा एक पोतं ओतलं, लायनर हॉपरवर झटकलं आणि गुंडाळायला घेतलं, तर अंगठ्यापासून हॉपरच्या कडेपर्यंत चटका बसला, चक्क आवाजासकट. सहकारी हसला. "रोजचंच आहे. सवय होईल."

आणि त्याच सहकाऱ्याच्या मनगटावर, हातमोजा जिथे संपतो तिथे, लाल चट्टा उठला आहे. पावडर पाण्याने जात नाही म्हणून तो पाळी संपली की हात थिनरने पुसतो.

आता वरून फर्मान आलंय की पोती ओतण्यापेक्षा बीएचटी वितळवून पंपाने द्यायचं. टाकी बसवण्याची बोलणी चालू आहेत.

मला एवढंच कळू द्या: हे विष आहे की नाही? नसेल, तर ॲप्रन पिवळा का पडला?

---

लॅबवाली

ॲप्रनपासून सुरुवात करते, कारण या पिवळ्या रंगापायी माझं एक अख्खं वर्ष गेलं आहे. मी तेव्हा कापड तपासणीच्या लॅबमध्ये होते. गोदामात पडून राहिलेले पांढरे कपडे परत यायचे. घडीच्या कडेला पिवळी रेघ, आतला भाग स्वच्छ. धुलाईवाला रंगवाल्याला दोष द्यायचा, रंगवाला साबणाला. खरा गुन्हेगार पॅकिंगची पॉलिथिन पिशवी निघायची, तिच्यातलं बीएचटी.

बीएचटी घन असूनही हळूहळू उडतं. डांबरगोळी कपाटात झिजते, तसंच पण बरंच संथ. ती वाफ कापडावर जाऊन बसते. तेवढ्याने काही होत नाही, रंग येत नाही. पण हवेत नायट्रोजनची ऑक्साइडं असली की त्यांची गाठ पडते आणि नायट्रोफिनॉल, क्विनोन अशा जातीची पिवळी संयुगं तयार होतात. कापडवाले याला फिनॉलिक यलोइंग म्हणतात आणि त्यासाठी आयएसओ १०५-एक्स१८ नावाची वेगळी चाचणी आहे: खास कागदात गुंडाळलेला नमुना काचांमध्ये दाबून ५० अंशांवर १६ तास ओव्हनमध्ये ठेवायचा आणि किती पिवळा पडला ते बघायचं.

तुमच्या ॲप्रनचा एक कोपरा सायट्रिक ॲसिडच्या पातळ पाण्यात बुडवून बघा. पिवळेपणा फिका झाला तर बहुधा हेच. आम्लात हा रंग बऱ्याचदा मावळतो.

पण हिशेबनीसदादा, मुद्दा ॲप्रनचा नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं गोदामात आली कुठून? बीएचटीच्या पोत्यात ती नसतात. तुमचा फोर्कलिफ्ट डिझेलचा आहे का, आणि तो आत चालू ठेवून उभा असतो का? तसं असेल तर ॲप्रनला पिवळं करणारा तोच धूर तुम्ही रोज ओढताय. त्यात नायट्रोजन डायऑक्साइड आहे, कार्बन मोनॉक्साइड आहे, आणि शरीरासाठी हे दोन्ही बीएचटीपेक्षा कितीतरी वाईट.

आता विषाचं. "खाण्यात चालतं" हे खरं आहे, पण वाक्य अर्धंच आहे. खाण्याच्या तेला-तुपात साधारण किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंतच परवानगी असते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये रोजची चालेल अशी मात्रा शरीराच्या किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम ठरवली. ६० किलोच्या माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम. हा आकडा जन्मभर रोज घेण्याचा आहे, एकदा जास्त झालं की माणूस कोसळतो असं नाही. पण चमचाभर म्हणजे चार-पाच ग्रॅम, या मात्रेच्या तीनशे पट. १९८६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एक प्रकरण आलं होतं: कोणीतरी स्वतःच्या मनाने औषध म्हणून उपाशीपोटी ४ ग्रॅम बीएचटी घेतलं. पोटात कळा, उलट्या, चक्कर, गोंधळलेपणा, थोडा वेळ शुद्धही हरपली. माणूस वाचला. म्हणजे सायनाइड नव्हे, पण निरुपद्रवी भुकटीही नव्हे.

कर्करोगाच्या यादीत आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बीएचटी गट ३ मध्ये ठेवलं आहे. तिथे 'वर्गीकरण करता येत नाही' असा अर्थ आहे, 'सुरक्षित' असा नाही. त्याचं भावंड बीएचए गट २बी मध्ये, म्हणजे 'कर्करोगकारक असू शकेल' अशा गटात आहे. नावं इतकी सारखी की पोती बदलली तर कळणार नाही, म्हणून नुसतं 'एओ' लिहू नका. बीएचटीचा कॅस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, १२८-३७-० आहे, तो माल उतरवताना लेबलावर वाचा.

श्वासासाठी एसीजीआयएच या अमेरिकी औद्योगिक आरोग्य संस्थेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे २ मिलिग्रॅम आहे. १० बाय ६ मीटरची, ४ मीटर उंच खोली धरा: २४० घनमीटर. त्या अख्ख्या खोलीत अर्धा ग्रॅम बारीक धूळ तरंगली की मर्यादा गाठली. पोतं एकदा झटकलं की अर्धा ग्रॅम सहज उडतो. अर्थात तो लगेच खाली बसतो आणि मर्यादा सरासरीची आहे, पण नाकासमोरच झटकत असाल तर सरासरी कोणाची ते बघा. कापडी मास्क उपयोगाचा नाही. एफएफपी२ किंवा एन९५, आणि डोळ्यांना बंद गॉगल.

मनगटाच्या चट्ट्याबद्दल: मला बीएचटीपेक्षा थिनरवर जास्त संशय आहे. थिनर त्वचेवरचं तेल खरवडून नेतो, आणि बीएचटी पाण्यात विरघळत नसलं तरी थिनरमध्ये मस्त विरघळतं. म्हणजे पावडर पुसली जात नाही, तिचा काढा होऊन उघड्या कातडीत मुरतो. साबण लावून कोमट पाण्याने दोनदा हात धुवायला सांगा. आठवड्यात चट्टा गेला नाही तर डॉक्टरकडे जाताना एसडीएसची, म्हणजे मालासोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाची प्रत सोबत न्यायची. नुसतं "पावडर लागली" सांगितलं तर डॉक्टर तरी काय करणार?

---

जुना पाळीप्रमुख

बाईंनी ॲप्रन सोडवला. मला त्या चटक्यावर बोलायचं आहे. तुमच्या प्रश्नात सगळ्यात भीतीदायक वाक्य "सवय होईल" हे आहे.

बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचं नाव नको. मॅनहोलमधून केटलमध्ये, म्हणजे मोठ्या बंद भांड्यात, फिनॉलिक एओ (बीएचटीच्याच जातीचं) ओतायचं काम होतं. खाली सॉल्व्हंट, कोमट. आतली हवा हटवायला नायट्रोजन द्यायची सोय होती पण व्हॉल्व्ह अर्धवट. रात्रपाळीचा मुलगा, हुशार, हात चपळ. त्याने तिसरं पोतं ओतलं आणि लायनरच्या तळाला चिकटलेली पावडर सोडवायला लायनर दोन्ही हातांनी झटकलं. मी दहा पावलांवर होतो. स्फोट वगैरे नाही, 'फुस्स' असा आवाज आणि मॅनहोलमधून निळसर-पिवळी जीभ वर आली, एका श्वासाइतकी. विझलीसुद्धा आपोआप. मुलाच्या भुवया गेल्या, कपाळ आणि दोन्ही मनगटं भाजली. नंतर केटल तपासली, पंप तपासला, वायरिंग तपासलं. काहीच बिघाड नाही. बिघाड त्या लायनरमध्ये होता, आणि झटकण्यात.

पावडर पॉलिथिनवरून घसरली की दोघांवर स्थिर विद्युत चढते. कोरड्या हवेत रबरी तळाच्या बुटात उभा असलेला माणूस स्वतःच एक छोटा संधारक, म्हणजे विद्युत भार साठवणारा, होतो. दहा हजार व्होल्टपर्यंत चढणं अवघड नाही, आणि तेवढ्यावर माणसाच्या बोटातून साधारण १० मिलिज्यूलची ठिणगी निघते. चटका जाणवला म्हणजे दोन-तीन हजार व्होल्ट तरी ओलांडलेत हे नक्की. सॉल्व्हंटच्या वाफेला पेटायला एक मिलिज्यूलसुद्धा फार होतो. फिनॉलिक एओंच्या बाबतीत पावडर जितकी बारीक तितकी ही गरज कमी, आणि काहींच्या धुळीला १० मिलिज्यूलही लागत नाहीत. तुमच्या मालाचा आकडा पुरवठादाराकडून लेखी मागा, 'किमान प्रज्वलन ऊर्जा' असं लिहून. स्फटिक जाड असेल तर आकडा बरा येतो, पण पोत्याच्या तळाला जो पिठूळ भाग साठतो तो शेवटी, म्हणजे नेमका झटकताना बाहेर येतो.

करायचं काय? हॉपरला आणि मिक्सरला अर्थिंग, आणि ते मीटर लावून मोजलेलं, १० ओहमच्या आत. माणसाला अँटिस्टॅटिक बूट, आणि उभं राहायची जागा वंगणाने वा रंगाने माखलेली नको, नाहीतर बुटांचा उपयोग शून्य. लायनर पोत्याला शिवलेलं किंवा चिकटवलेलं मागवा, म्हणजे ते सुटून हातात येणारच नाही. हॉपरवर झटकणं बंद. चिमूटभर माल गेला तर जाऊ द्या. आणि मिक्सरमध्ये खाली गरम तेल किंवा सॉल्व्हंट असेल तर उघड्या तोंडातून पोतं ओतायचंच नाही.

आता धूळ. बाईंनी सांगितलेले २ मिलिग्रॅम फुफ्फुसांसाठी. स्फोटाला घनमीटरमागे दहा-वीस ग्रॅम तरी लागतात, आणि तेवढी धूळ हवेत असेल तर समोरचा माणूस दिसणार नाही. म्हणून लोक म्हणतात, "एवढी कुठे असते?" असते, फक्त हवेत नसते. तुळईवर, केबल ट्रेवर, डक्टच्या वर निवांत बसलेली असते. १ मिलिमीटरचा थर घ्या. पावडरची घनता पाण्याच्या निम्मी धरली तर चौरस मीटरला ५०० ग्रॅम. पाच मीटर उंच शेडमध्ये ती सगळी उडाली की घनमीटरमागे १०० ग्रॅम. हॉपरमधला पहिला छोटा भडका भुकटी वरून खाली पाडतो आणि माणसं मारतो तो दुसरा. तुळईवर बोटाने नाव लिहिता आलं तर समजा सफाईची वेळ झाली आहे.

कॉम्प्रेसरच्या हवेने सफाई करणाऱ्याला मी माझ्या पाळीत एकदा समज द्यायचो, दुसऱ्यांदा घरी पाठवायचो. व्हॅक्यूम वापरा, तोही धूळस्फोटासाठी प्रमाणित. घरगुती चालत नाही, त्याच्या मोटारीतच ठिणग्या असतात.

---

शंकासुर

काका, आदर आहे, पण मी अठरा वर्षं एओ ओततोय. एकदाही काही झालं नाही. आमच्याकडे जम्बो बॅगा (मोठ्या कापडी पिशव्या) येतात, अर्थिंगचा क्लँप कोणी लावत नाही. काय ते 'सी टाइप' वगैरे पोत्यावर छापलेलं असतं.

---

जुना पाळीप्रमुख

शंकासुरा, 'सी टाइप' म्हणजेच क्लँप लावायलाच हवा अशी बॅग. तिच्या कापडात वाहक धागे विणलेले असतात, ते सगळे एकमेकांना जोडलेले. क्लँप लावला तर विद्युत भार जमिनीत जातो. नाही लावला तर ती बॅग म्हणजे भार साठवून ठेवणारा धातूचा भलामोठा तुकडाच, साध्या बॅगेपेक्षाही वाईट. 'डी टाइप'ला क्लँप लागत नाही. 'ए' मध्ये अशी पावडर नकोच, आणि 'बी' ज्वलनशील वाफ असेल तिथे नको. चार अक्षरं आहेत, पाठ करा.

अठरा वर्षांचं म्हणाल तर त्या मुलानेही त्या केटलमध्ये आधी शेकडो पोती ओतली होती.

---

रबरी

मी टायरच्या बाजूचा, मिक्सिंगला. दोन गोष्टींची भर.

हिशेबनीस, तुमच्या गोदामात पेरॉक्साइड आहे का? क्रॉसलिंकिंगसाठी (प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकांना जोडायला) डायक्युमिल पेरॉक्साइड वगैरे? अनेक ठिकाणी सगळी 'ॲडिटिव्ह' एका छताखाली असतात, कारण हिशेबाच्या वहीत त्यांचा रकाना एक असतो. ऑक्सिडीकरण करणारं एक, त्याला अडवणारं दुसरं. प्लास्टिकमध्ये दोघं चिमूटभर असतात म्हणून सभ्य वागतात. भरपूर प्रमाणात एकत्र आले की उष्णता सुटते, आणि पेरॉक्साइडला एकदा उष्णता मिळाली की तो कोणाचं ऐकत नाही. फॉस्फाइट जातीचे एओ तर पेरॉक्साइड मोडण्यासाठीच असतात. वेगळी खोली, वेगळं फावडं, वेगळा झाडू. फावडं विसरू नका. आमच्याकडे खोल्या वेगळ्या होत्या आणि फावडं एकच. एक दिवस पेरॉक्साइडच्या डब्याचं झाकण गरम लागलं तेव्हा कळलं. डबा मोकळ्या जागेत नेऊन लांबून पाणी मारलं. नशिबाने तेवढ्यावर भागलं.

दुसरं, 'एओ' या शब्दावर बाईंशी सहमत. बीएचटीवर जे शिकाल ते सगळ्यांना लावू नका. रबरातलं आयपीपीडी नावाचं एओ त्वचेला ॲलर्जी आणतं, एकदा आली की जन्माची. मग काळा रबरी हातमोजासुद्धा घालता येत नाही. जुन्या नॅफ्थिलअमाइन जातीच्या एओमध्ये बीटा-नॅफ्थिलअमाइन अशुद्धी म्हणून असायचं. ब्रिटनमध्ये तसला माल १९४९ साली मागे घेतला, पण तोवर वर्षानुवर्षं तो हाताळलेल्या रबर कामगारांना पुढे मूत्राशयाचे कर्करोग झाले. पांढरं पोतं, साधा वास, कोणाला तेव्हा काही जाणवलं नव्हतं.

आणि तो मासा. बीएचटी पाण्यातल्या जिवांना अत्यंत विषारी आणि परिणाम दीर्घकाळ टिकणारा, म्हणून ते चित्र. वाहतुकीतही यूएन ३०७७ हा धोक्याच्या मालाचा क्रमांक याच कारणाने लागतो. फरशी धुऊन पाणी गटारात सोडत असाल तर मासे तुमच्या गोदामात नसले तरी गटाराच्या पलीकडे आहेत. टायरमधलं ६पीपीडी नावाचं एओ ओझोनशी मिळून जे क्विनोन बनतं, त्याने कोहो साल्मन मासे पावसानंतर ओढ्यांत मरतात, हे २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालं. त्याआधी दोन-तीन दशकं मासे मरत होते आणि कारण सापडत नव्हतं.

---

पोत्यांचा हिशेबनीस

मंडळी, आज सुट्टीच्या दिवशीही गोदामात गेलो. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ॲप्रनचा कोपरा बुडवला, पाच मिनिटांत बऱ्यापैकी पांढरा. लॅबवाल्या ताई, फोर्कलिफ्ट डिझेलचाच आहे. बाहेर उकाडा म्हणून ड्रायव्हर तो आतच चालू ठेवून बसतो. खुंटीच्या बरोबर समोर.

पेरॉक्साइड आहे. दोन थप्प्या सोडून. आणि फावडं... एकच. सकाळीच दुसरं आणलं, त्याला लाल रंग मारला. उद्या पेरॉक्साइडची जागा बदलायचं पत्र देतोय.

अजून एक विचारायचं राहिलं. उन्हाळ्यात थप्पीच्या खालच्या पोत्यांमध्ये बीएचटीचे दगड होतात. आमचे लोक हॉपरच्या जाळीवर लोखंडी पहारीने फोडतात. आणि ती वितळवण्याची टाकी, त्याचं काय करू?

---

जुना पाळीप्रमुख

पहार आजच काढा. बीएचटी ७० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून पत्र्याखाली तापलेल्या थप्पीत वरच्या वजनाने ते खालच्या खाली सांधलं जातं. लोखंडावर लोखंड आपटून, ठिणगी आणि पीठ दोन्ही एकाच जागी तयार करणं म्हणजे आमंत्रणपत्रिकाच. थप्पी कमी उंचीची करा, पत्र्यापासून दूर, जुना माल आधी काढा. दगड झालाच तर पोतं बंद असतानाच बाहेरून लाकडी किंवा रबरी हातोड्याने थापटा.

टाकीबद्दल. कल्पना वाईट नाही, धूळ संपते. पण धुळीच्या जागी दोन नवी दुखणी येतात.

एक म्हणजे तापवायचं कशाने. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो, सुमारे १२७ अंश. तुमचा मेंटेनन्सवाला म्हणेल, वाफेची लाइन शेजारीच आहे. चार बारच्या वाफेचं तापमान १५० च्या पुढे जातं. वाफेच्या लाइनचा ट्रॅप (पाणी काढणारा झडपेचा भाग) अडकला, कंट्रोल व्हॉल्व्ह उघडा राहिला, की टाकी फ्लॅश पॉइंट ओलांडून बसली. गरम पाण्याचं जॅकेट घ्या, ८५-९० अंशांचं. जॅकेटचं पाणी हवेला उघडं, दाबाशिवाय ठेवलं तर कितीही चुकलं तरी ते १०० च्या वर जाऊ शकत नाही. ही मर्यादा कोणत्याही कंट्रोलरपेक्षा भरवशाची.

दुसरं व्हेंट, म्हणजे टाकीला श्वास घ्यायचा पाइप. टाकीतून उडालेलं बीएचटी थंड पाइपात सुयांसारखं गोठतं. व्हेंटवर फ्लेम अरेस्टर (ज्वाळा आत शिरू न देणारी जाळी) बसवलात तर त्याच्या जाळीत सगळ्यात आधी. व्हेंट बंद आणि पंप चालू म्हणजे टाकी आत चेपते. भरताना उलट, फुगते. व्हेंटलाही गरम जॅकेट हवं आणि दर आठवड्याला कोणीतरी वर चढून बघायला हवं. पहिल्यांदा बघाल तेव्हा त्या सुया इतक्या सुंदर दिसतात की फोटो काढावासा वाटतो. मी काढला होता. मग व्हेंट साफ केला.

---

लॅबवाली

टाकी आली की भाजण्याचंही बघा. वितळलेलं बीएचटी कातडीवर पडलं की तिथेच गोठून मेणासारखं चिकटतं आणि आतली उष्णता कोंडून ठेवतं. ओढून काढायचा मोह होतो, कातडीही सोबत येते. हात ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली, वीस मिनिटं, पापुद्रा तसाच ठेवून दवाखान्यात. तिथे सांगा की ते प्लास्टिक नाही, बीएचटी आहे. सॅम्पल काढणाऱ्याला नायट्राइलच्या (कृत्रिम रबराच्या) हातमोज्याच्या आत उष्णतारोधक हातमोजा आणि तोंडावर पूर्ण शील्ड.

टाकीच्या आसपास तीव्र आम्ल किंवा ॲल्युमिनियम क्लोराइडसारखं काही येऊ देऊ नका. गरम बीएचटीला ते लागलं की त्याचे ब्युटिल गट सुटून आयसोब्युटिलीन वायू निघतो, तो पेटतो. आणि आग लागलीच तर पाण्याचा फवारा, फोम किंवा कोरडी पावडर. थेट झोत नको: कोरडं असेल तर धूळ उडते, वितळलेलं असेल तर आग वाहते.

---

शंकासुर

काका, आज आमच्या जम्बो बॅगेला क्लँप लावला. बसत नव्हता, गंजलेला होता. बदलायला सांगितलंय. एवढंच.

---

पोत्यांचा हिशेबनीस

दहा दिवसांनी परत आलोय.

मीटर घेऊन इलेक्ट्रिशियनला सोबत नेलं. आमच्या हॉपरला अर्थिंगचा क्लँप होता, मला वाटलं चला, एक काम वाचलं. मीटरला काहीच दिसेना, सर्किट पूर्ण उघडं, म्हणजे जोडच नाही. क्लँप हलवून पाहिला तेव्हा लक्षात आलं, त्याचे दात रंगावर चावत होते. दोन वर्षांपूर्वी हॉपर रंगवला होता, कुणीतरी इमानदारीने क्लँप परत त्याच जागी लावला, दोन थर एनॅमलवर. इलेक्ट्रिशियनने पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली. क्लँप लावला. १.२ ओहम.

त्यानंतर मी पोतं ओतलं, सवयीने हात हॉपरच्या कडेला गेला आणि क्षणभर थांबलाच. काही झालं नाही. अर्थात अंगावरचा भार माझ्यात आहे, हॉपरमध्ये नाही, त्यामुळे अँटिस्टॅटिक बुटांची मागणी वेगळी दिली आहे. ते येईपर्यंत लायनर झटकणं बंद. तळाची पावडर लायनरसकट गुंडाळून बंद पिंपात.

फोर्कलिफ्टवाल्याशी थोडी बाचाबाची झाली. शेवटी सुपरवायझरांनाच पिवळा ॲप्रन दाखवला. म्हणाले, "हे एओने झालं?" मी म्हटलं, "अर्धं एओने, अर्धं आपल्या गाडीने." आता गाडी आत आली की चावी बंद.

सहकाऱ्याचा चट्टा साबणावर आल्यापासून उतरतोय. थिनरची बाटली मी लपवली नाही, त्यानेच ती मेंटेनन्सला देऊन टाकली.

एकच अडचण राहिली आहे. तुळईवरून व्हॅक्यूमने साडेतीन किलो धूळ निघाली. बीएचटी, स्टिअरेट, रंग, सगळं मिसळलेलं. ती परत मिक्सरमध्ये टाकता येणार नाही, गटाराचा तर प्रश्नच नाही. पिंपात भरून झाकण लावून ठेवली आहे. लेबलावर काय लिहू?

---

रबरी

'मिश्र सेंद्रिय पावडर, ज्वलनशील धूळ, बीएचटीयुक्त, जलचरांना विषारी', तारीख आणि तुमची सही. पेरॉक्साइडच्या खोलीपासून लांब ठेवा आणि घातक कचरा उचलणाऱ्यांकडे जाळायला द्या. झाकणाखाली थोडी जागा सोडा, आणि त्या पिंपालाही क्लँप लावा.